आम्ही, या गाडीतले लोक

काकांच्या मिनीव्हॅनमध्ये बसलं की खिडकी उघडायची नाही, हा पहिला नियम. ऑगस्ट असो, अंगाला चिकटणारा, अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावचा ऑगस्ट, तरी नाही. आणि एसीसुद्धा हायवे लागेपर्यंत नाही, कारण एसीच्या आवाजात काकांचं बोलणं मागच्या सीटपर्यंत पोचत नसे.

"फिलाडेल्फियात त्या लोकांनी अख्खा उन्हाळा दारं-खिडक्या लावून काढला," ते म्हणायचे. "अंगात कोट, दाराबाहेर पहारेकरी. आत काय चाललंय ते बाहेर कुणाला कळू नये म्हणून. तसल्या उकाड्यात बसून देशाची घटना लिहिली त्यांनी. आणि तुम्हाला ऑफिसपर्यंत निभत नाही?"

"पण काका, आपलं ऐकायला कोण टपलंय?" मी एकदा वैतागून विचारलं. "शेजारच्या लेनमधला ट्रकवाला? त्याला मराठी येतं?"

"प्रश्न ट्रकवाल्याचा नाही. प्रश्न सवयीचा आहे," काका म्हणाले. मी ऑफिसचं आयकार्ड तोंडासमोर हलवून वारा घेत बसले. ट्रकवाल्यानं आमच्याकडे बघितलं. त्याची खिडकी उघडी होती.

हे काका माझे कुणी लागत नव्हते. माझ्याच औषध कंपनीत ते कागदपत्रं तपासायच्या विभागात होते. गोळ्यांच्या डबीवरच्या बारीक अक्षरातली चूक हुडकायची, हे त्यांचं काम. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या लिहिण्यातल्या चुका काढण्यात घालवला, आणि साठीच्या तोंडावर त्यांना अमेरिकेची राज्यघटना सापडली. बाकीचे लोक सिटिझनशिपच्या मुलाखतीसाठी प्रश्नोत्तरं पाठ करतात, शपथ घेतात, झेंड्यासोबत फोटो काढतात आणि सगळं विसरून जातात. काका विसरले नाहीत. मुलाखतीसाठी वाचायला घेतलं ते घेतलंच. अटक कुणाला, सत्ता कुणाची, मोठ्या राज्याला किती मतं आणि लहान राज्याला किती, आणि मुळात ती सगळी मंडळी त्या खोलीत जमली कशाला, हे त्यांच्या डोक्यात सतत चालू असे. डोक्यात चालू असतं तर माझी हरकत नव्हती. ते तोंडानं चालू असे.

कंपनीनं आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात या म्हणून सांगितलं तेव्हा आमचा कारपूल सुरू झाला. आमच्या घरची गाडी नवरा घेऊन जायचा. काका आमच्याच वसाहतीत, दोन रस्ते पलीकडे राहायचे. त्यांचा मुलगा नोकरीसाठी दूर शॉमबर्गला गेल्यापासून ती सात सीटची मिनीव्हॅन नुसती उभी होती. त्यांच्या शेजारी मी बसायचे. मागे पुण्याचा नितीन, जो कधीच वेळेवर आला नाही, आणि नागपूरचा प्रशांत, जो कायम वेळेच्या आधी हजर असायचा. चार माणसं, सरळ रस्ता. याला घटना कशाला लागते, असं कुणाही शहाण्या माणसाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

सुरुवातीला काकांनी सांगितलं, सगळे निर्णय एकमतानं. आम्ही हो म्हटलं, कारण ऐकायला बरं वाटलं. मग नितीनला कॉफी हवी असायची. "काका, ड्राइव्ह-थ्रू आहे, पटकन होईल." प्रशांतची हरकत, त्याची मीटिंग असे. मला फॉर्टी नंबरच्या हायवेवरून जायचं असायचं, नितीनला आतल्या रस्त्यानं. प्रत्येक नाक्यावर गाडी बाजूला घेऊन काका विचारायचे, "एकमत?" नसायचंच. मग काही बदलायचं नाही, म्हणजे कालचाच रस्ता, कालचाच उकाडा. महिनाभर आम्ही रोज उशिरा पोचलो. काका मात्र खूष.

"बघितलंत? असंच झालं होतं," ते म्हणाले. "ब्रिटिशांना घालवलं, तेरा राज्यं मोकळी झाली, आणि पहिला करार केला तो असाच. करारात काही बदलायचं तर तेराच्या तेरा जणांनी हो म्हणायचं. बारा जण हो म्हणायचे आणि एकटं र्‍होड आयलंड अडून बसायचं. एवढंसं राज्य, पण अख्ख्या देशाचं गाडं अडवलं त्यानं."

त्या दिवसापासून नितीनचं नाव र्‍होड आयलंड पडलं. त्याला ते आवडलं नाही, पण त्यावर मतदान झालं नाही.

मग जुलैतल्या एका शनिवारी काकांनी आम्हाला आपल्या गॅरेजमध्ये बोलावलं. विषय एवढाच होता की सकाळी कुणाला आधी घ्यायचं. नितीन आला नाही. ("र्‍होड आयलंडनंही कुणाला पाठवलं नव्हतं!" काकांना कोण आनंद झाला.) काकांनी गॅरेजचं शटर खाली ओढलं आणि आम्ही तिघं दुपार टळेपर्यंत आत उकडत बसलो. मध्ये काकू पन्हं घेऊन आल्या, तर त्यांना दारातच थांबवून काकांनी ट्रे आत घेतला.

"मला नको ऐकायला तुमचं ते," काकू म्हणाल्या. "आमच्या घरात तर लोकशाही अजून आलेलीच नाही. तुमच्या गाडीत येऊ दे."

कुणाला आधी घ्यायचं ते त्या दिवशी ठरलंच नाही; पुढे सगळे काकांच्या ड्राइव्हवेतच जमू लागलो. आम्ही बाहेर पडलो तेव्हा मात्र कारपूलची घटना तयार होती. काकांनी ती आधीच लिहून ठेवली असणार, कारण एवढ्या घामात कुणी इतकं सुवाच्य लिहीत नाही. मी म्हटलं, "काका, आपण एक मुद्दा दुरुस्त करायला जमलो होतो." तर म्हणाले, "तेही जुना करार दुरुस्त करायलाच जमले होते. दुरुस्त करण्यासारखा राहिला नव्हता तो." ती घटना लॅमिनेट होऊन सन व्हायझरला लटकली. सुरुवात होती, 'आम्ही, या गाडीतले लोक'. अध्यक्ष काका, कारण गाडी त्यांची आणि चालवणार तेच. उपाध्यक्ष मी. उपाध्यक्षाचं काम काय, असं विचारलं तर म्हणाले, "फारसं काही नाही. मूळ घटनेतही असंच आहे."

एक गोष्ट मला कबूल करायला हवी. नियम केला की तो काका स्वतःवरही लावायचे. गाडीत फोनवर बोलायचं नाही हे ठरल्यावर शॉमबर्गहून मुलाचा फोन आला तरी ते घ्यायचे नाहीत. काकूंचा आला तर नाहीच नाही. आणि चूक दाखवली की मान्य करायचे, फक्त ती दाखवायला माणूस प्रशांतसारखा लागायचा.

नितीन तीनऐवजी दोनच दिवस यायचा. तेव्हा काकांनी ठरवलं, याला पूर्ण मत कशाला? दोन-तृतीयांश मत. हिशेब बरोबर आहे. मी हसले. नितीन कानात इअरबड घालून झोपला होता. प्रशांत मात्र हसला नाही.

"काका, हे नाही चालणार."

"अरे, गंमत आहे."

"गंमत नाही. माणूस अपूर्णांकात मोजायचा नसतो. तुमच्या फिलाडेल्फियात मोजला होता नं? गुलाम माणूस म्हणजे तीन-पंचमांश. मोजला तीन-पंचमांश, ते मालकांच्या राज्याला जास्त जागा मिळाव्यात म्हणून, आणि त्याला स्वतःला मत दिलं शून्य. तुम्ही उन्हाळा सांगता, कोट सांगता, खिडक्या सांगता. हे का नाही सांगत? आमच्या घरी घटना देवाच्या जागी ठेवलेली असते, काका. देव नाहीच आहे तिथे, घटनाच आहे. माझ्या आजोबांना पूर्ण मोजलं ते तिनं. म्हणून म्हणतो, यात गंमत नको."

काकांनी मान पूर्ण डावीकडे वळवून आरसा बघितला, ही त्यांची नवी लकब होती, लेन बदलली आणि आमचा एक्झिट येईपर्यंत चकार शब्द काढला नाही. मी देवाचे आभार मानले, कारण इतका वेळ शांतता त्या गाडीत कधी मिळाली नव्हती. पार्किंगमध्ये थांबल्यावर त्यांनी खिशातून मार्कर काढला आणि लॅमिनेशनवर लिहिलं, 'पहिली दुरुस्ती: एक माणूस, एक मत, पूर्ण.' मग प्रशांतला म्हणाले, "तुझं बरोबर आहे. मी ते सांगत नव्हतो कारण मला त्याची लाज वाटते." नितीनला उठवून त्याच्या नागरिकत्वाची बातमी द्यावी लागली.

असा हा माणूस. दोन मिनिटं आदर वाटायचा, आणि तिसऱ्या मिनिटाला ते सिनेटची रचना समजावून सांगायला लागायचे.

पुढे मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी ते झालं. आमच्याच वसाहतीबाहेरचा दुपदरी रस्ता. समोरून शाळेची पिवळी बस येऊन थांबलेली, तिचे लाल दिवे लुकलुकताहेत, बाजूची स्टॉपची पाटी बाहेर आलेली. इथे कुणालाही झोपेतून उठवून विचारा, अशा वेळी दोन्ही बाजूंनी गाड्या थांबतात. काका मोठी राज्यं आणि लहान राज्यं यांची तडजोड सांगत होते. सांगत सांगत ते सरळ पुढे गेले.

"काका, बस!" प्रशांत ओरडला.

बस मागे पडली होती. रस्ता ओलांडायला निघालेली लाल दप्तराची एक मुलगी पाऊल मागे घेऊन कडेला उभी होती. काही झालं नाही. बसच्या ड्रायव्हरबाईनं मोठ्यांदा हॉर्न दिला, तो मला अजून ऐकू येतो.

"अगं, निघाली होती ती बस," काका म्हणाले. ऑफिस येईपर्यंत तडजोड अर्धीच राहिली.

पार्किंगमध्ये उतरल्यावर प्रशांत म्हणाला, "काका, कलम सहा. आज संध्याकाळी निघायच्या आधी मी ठराव मांडणार." कलम सहा म्हणजे महाभियोग. अध्यक्षाला खुर्चीवरून काढायचं तर बाकीच्या तिघांतले दोन जण हवेत, आणि आरोपीला मत नाही. काकांनीच लिहिलेलं. काकांनी मान डोलावली आणि जेवणाची पिशवी गाडीतच विसरून आत गेले.

दुपारी मला काकूंचा फोन. "काय झालं गं? हे म्हणाले, आज डबा खायची इच्छा नाही." मी गाडीतलं गाडीत ठेवायचं म्हणून आढेवेढे घेतले. पण काकूंनी बरोबर ताडलं. "गाडीवरून काही आहे ना? हे बघ, ती गाडी आहे म्हणून हे सकाळी उठून दाढी करतात. आणि मला चालवता येत नाही. भाजी, डॉक्टर, देऊळ, सगळं यांच्यावर. गाडी गेली तर आम्ही दोघं त्या घरात नुसते बसून राहू. जरा सांभाळून घ्या." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? इथे गाडीच्या किल्ल्या गेल्या की माणसाला कोपऱ्यावर जाऊन कोथिंबीर आणता येत नाही, कारण कोपराच नसतो.

संध्याकाळी पार्किंगमध्ये, बंद खिडक्यांच्या गाडीत खटला चालला. प्रशांतनं आरोप सांगितला: सकाळी अध्यक्ष थांबलेल्या शाळेच्या बसवरून पुढे गेले. काका ताठ बसून समोर बघत होते.

"आरोपीला कुणाला काही विचारायचंय?" त्यांनीच विचारलं.

प्रशांतनं सीटचा पट्टा उगाच काढून पुन्हा लावला.

"विचारा. आरोपीला प्रश्न विचारता येतात."

नितीन बुटांकडे बघत होता. मी व्हायझरवरची घटना वाचत होते. आमच्यापेक्षा दुपटीनं मोठा माणूस, ज्याच्या घरी दिवाळीचा फराळ खाल्ला, त्याला काय विचारायचं? काका, तुम्हाला दिसतं का नीट, असं? प्रशांतसारख्या प्रशांतच्याही तोंडून ते निघालं नाही.

"शेवटचं विचारतो. काही विचारायचंय?"

"नाही, काका," मी म्हटलं. "तुम्ही नका त्रास करून घेऊ."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि चेहरा असा केला की जणू मी त्यांना शिवीच दिली. मग मतदान. प्रशांत, ठरावाच्या बाजूनं. नितीन म्हणाला, "विरुद्ध. अरे यार प्रशांत, होतं एखाद्या वेळी." राहिले मी. माझ्या डोळ्यांसमोर ती लाल दप्तरवाली होती आणि कानात काकूंचं सांभाळून घ्या होतं. मी म्हटलं, "विरुद्ध."

ठराव पडला. काका सुटले. कुणालाही बरं वाटलं नाही, सगळ्यात कमी काकांना. प्रशांतनं माझी पुढची सीट मागून घेतली आणि घरी जाईपर्यंत प्रत्येक चौकात तो सांगत होता, "डावीकडून पांढरी गाडी. आता मोकळं आहे, घ्या." काकांनी एकदाही त्याला गप्प राहा म्हटलं नाही. मी मागे सीटची कड धरून बसले होते आणि स्वतःच्या मतावर चरफडत होते.

बुधवारी सकाळी मी त्यांच्या ड्राइव्हवेत पोचले तेव्हा गाडी बंद होती आणि काका बाहेर उभे होते. नितीन चक्क वेळेवर आला होता. काका मला म्हणाले, "फिलाडेल्फियात नियम होता. एकदा झालेल्या मतदानाचा फेरविचार करता येतो. माणसाला रात्रीतून शहाणपण सुचू शकतं, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. तुला सुचलं का काही?"

"काका, सकाळी सकाळी मला फिलाडेल्फिया नको," मी म्हटलं. खरंच डोकं उठलं होतं. "काय ते सरळ सांगा."

"सरळ विचार."

"काय विचारू?"

"काल तीनदा म्हटलं, विचारा. तुम्ही काका काका करत बसलात. काल तू मत कुणाला दिलंस? हिचा फोन आला होता ना तुला? तू आम्हा दोघांना मत दिलंस. रस्त्यावर उभ्या असलेल्या त्या पोरीचं मत कोण देणार होतं?"

माझा संताप संताप झाला. त्याच भरात मी विचारलं, "काका, काल तुम्हाला बस दिसली होती?"

"नाही."

"डावीकडचं दिसतं तुम्हाला?"

"नाही. काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याचं जवळजवळ गेलंय. डॉक्टर म्हणाला, चालवू नका."

"कधी म्हणाला?"

"झाला महिना."

मग मी ओरडले, त्यांच्याच ड्राइव्हवेत, त्यांच्यावर, वयाचा काही मुलाहिजा न ठेवता. "मग किल्ली ठेवून द्यायची ना! महिनाभर आम्हाला घेऊन फिरताय! घटना कसली, महाभियोग कसला, सरळ सोडायची ना गाडी!"

काकांनी चष्मा काढून पुसला. पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले.

"रोज रात्री ठरवायचो, उद्या सोडायची," ते म्हणाले. "सकाळी किल्ली हातात यायचीच. मला माझ्याच्यानं सुटत नाही गं. आपल्याच्यानं सुटत नाही म्हणून तर घटना लिहायची. सुटलं असतं तर कशाला लिहिली असती मी?"

मला धड रागावताही येईना. प्रशांतनं खाली बघत म्हटलं, "फेरविचार. मी बाजूनं."

"मीही बाजूनं," मी म्हटलं, "पण एका अटीवर. काकूंना हे आज, आत्ता सांगायचं. नाहीतर माझं मत नाही."

"सशर्त मान्यता," काका पुटपुटले. "मॅसॅच्युसेट्सनं घटनेला अशीच दिली होती."

"काका!"

"जातो, जातो."

ते आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आम्ही आतलं काही ऐकू येऊ नये म्हणून गाडीपाशी जाऊन उभे राहिलो. आले तेव्हा मागे काकू होत्या, डोळे पुसलेले, आणि हातात काकांचा डबा. त्या मला एवढंच म्हणाल्या, "काल मी तुला भलतंच सांगितलं." नितीननं घसा खाकरला. "मीपण बाजूनं. आणि काकू, शनिवारी ग्रोसरीला मी नेणार. वेळेवर येईन, आय प्रॉमिस." एकमतानं पास झालेला तो आमचा पहिला आणि एकमेव ठराव.

काकांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. उपाध्यक्षाला शेवटी काम मिळालं. मी सीट पुढे ओढली, आरसे फिरवले. काका मागे नितीनशेजारी बसले, पट्टा लावताना त्यांना खटका सापडेना, तो नितीननं लावून दिला. मी गाडी सुरू केली, एसी लावला आणि वर्षभराचा राग काढायचा म्हणून चारही खिडक्या खाली केल्या. कुणी हूं की चूं केलं नाही.

दुपदरी रस्त्यावर समोरून तीच पिवळी बस आली आणि थांबली. लाल दिवे, बाहेर आलेली पाटी. मी थांबले. लाल दप्तर रस्ता ओलांडून चढलं.

"का थांबलो गं आपण?" मागून काकांनी विचारलं.

"बस आहे, काका."

"हो का," ते म्हणाले, आणि पुढे काहीच बोलले नाहीत. बस गेली, मी निघाले, फॉर्टी लागला, तरी नाही. ना मोठी राज्यं, ना लहान राज्यं. ज्या शांततेसाठी मी वर्षभर जीव टाकत होते ती मिळाली होती, आणि ती मला एक मैलही सोसेना.

"काका," मी आरशातून मागे बघत म्हटलं, "मग त्या र्‍होड आयलंडचं पुढे काय झालं? आलं का ते शेवटी?"

मग घसा साफ केल्याचा आवाज आला.

"सांगतो. आधी खिडक्या लाव."

मी लावल्या.